पुड्या तिकडे, मी इकडे

लग्न होऊन कुंभकोणात आले त्याच वर्षी मला तिथल्या एका मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली, आणि पुढच्या वर्षी सासूबाईंना पक्षाघात झाला. माझी पुढची बरीच वर्षं या दोन गोष्टींनी खाल्ली. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं, मग कॉलेज. दुपारी स्वयंपाकाच्या बाई घरी जायच्या आत परत यायचं. यजमान बँकेत होते आणि त्यांची बदली नेहमी लांबच्या गावी. शनिवारी यायचे, रविवार झोपून काढायचे आणि सोमवारी पहाटेची बस धरायचे.

म्हणजे घरात आम्ही तिघंच: खाटेवर सासूबाई, सासरे आणि मी. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. मराठ्यांच्या राज्यात आमची घरं तंजावरकडे आली ती तिथलीच झाली. दाराबाहेर तमिळ, घरात मराठी. पण ती मराठी वेगळी. मी आत्ता लिहिते आहे ती मला तिशीनंतर यायला लागली.

कॉलेजात पुढे टिकायचं तर पीएच.डी. लागणार हे तेव्हा दिसू लागलं होतं. माझे मार्गदर्शक तिरुचीला असत. त्यांना घरची परिस्थिती सांगितली तेव्हा ते म्हणाले, "घरी बसून होईल असं काम देतो तुला." आणि खरंच तसं दिलं. ग्लायसिन नावाचा एक पांढरा, चवीला गोडसर पदार्थ असतो. तो पाण्यात विरघळवायचा, त्यात निरनिराळ्या धातूंचे क्षार घालायचे, काचपात्रावर सुईने भोकं पाडलेला कागद बांधायचा आणि विसरून जायचं. पाणी हळूहळू उडून जातं आणि तळाशी स्फटिक उरतात. मागच्या खोलीतल्या फळीवर मी ती काचपात्रं ओळीने मांडली. त्याच खोलीत आत्याबाईंची खाट होती. त्यांना एका अंगावर वळवून ठेवलं की त्या तासन् तास त्या फळीकडे बघत असत. बोलता येत नसे. पण एखाद्या पात्रात काही चमकायला लागलं की हाताने खुणावत.

स्फटिक होत होते, पण झालेलं काय आहे हे कसं कळणार? दोन पदार्थ एकत्र येऊन तिसराच नवा झाला, की नुसते शेजारी शेजारी सुकले? डोळ्यांना दोन्ही सारखेच पांढरे. ते सांगणार क्ष-किरण. पदार्थाची पूड करून तिच्यावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक कोनांतच बाहेर पडतात, आणि फिल्मवर काळ्या रेघा उमटतात. ग्लायसिनच्या रेघा वेगळ्या, क्षाराच्या वेगळ्या. दोघांपैकी कोणाच्याच नसलेल्या रेघा दिसल्या तर समजायचं, काहीतरी नवं हाती लागलं.

असं यंत्र मद्रासला होतं. पण तिथे आपली पाळी येईपर्यंत स्वतः जाऊन राहावं लागे, आणि मला एक रात्रदेखील घर सोडता येत नव्हतं. मार्गदर्शकांनी महाराष्ट्रातल्या एका शहरातल्या प्रयोगशाळेचं नाव सुचवलं. ती मोठी होती, सरकारी होती, आणि टपालाने आलेले नमुने मोजून देत होती. तेव्हा हे फारसं कोणी करत नव्हतं. मी खलबत्त्यात पूड करायची, छोट्या काचेच्या कुपीत भरायची, कापसात गुंडाळायची. खोक्याला दोरा बांधायचं आणि लाख लावायचं काम मामंजी करत. ते शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. एखादी वस्तू कुंभकोणाहून निघून कुठल्या कुठल्या स्टेशनावरून जाईल, हे मोठ्याने म्हणत म्हणत ते लाख वितळवत.

आम्ही त्या नमुन्यांना पुड्याच म्हणायचो. रोज संध्याकाळी मामंजींचा प्रश्न ठरलेला असे. "तुझ्या पुड्यांचें जाहलें कां?"

"अजून नाहीं, मामंजी."

सहा-सहा महिने काही होत नसे.

पहिल्या वर्षी उत्तर आलं नाही म्हणून मी एका शनिवारी बाजारातल्या एस.टी.डी. बूथवर गेले. इंग्रजीत काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. पलीकडून फोन उचलला गेला आणि एक बाई मराठीत कोणावर तरी ओरडताना ऐकू आली, पाणी कमी झालंय, नळ बघा म्हणून. माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"नमस्कार. मी कुंभकोणाहून बोलत्यें. माझे नमुने पाठविले होते. त्यांचें काम जाहलें कां, तें मजला कळवाल कां?"

पलीकडचं ओरडणं एकदम थांबलं. मला वाटलं फोन कापला.

"कुठून म्हणालात?"

"कुंभकोण. तमिळनाडू."

"तुम्ही मराठी?"

"आमच्या घरीं हेंच बोलतात."

मग त्या हसल्या. "रागावू नका हं, पण बखर वाचून दाखवल्यासारखं वाटलं."

मला राग आला नाही. लाज मात्र वाटली. मीटरवरचे आकडे पुढे पळत होते. त्यांनी भराभर सांगितलं: यंत्र त्या एकट्याच चालवतात, एका नमुन्याला अख्खा दिवस जातो, क्ष-किरणांची नळी थंड ठेवणारं पाणी बंद पडलं तर नळी जळते म्हणून डबासुद्धा तिथेच बसून खावा लागतो, आणि माझ्या आधी बरेच लोक रांगेत आहेत. "पण तुमची पूड जाडी आहे. मैद्यासारखी हवी. आणि ओलसर होती. मी उन्हात ठेवून परत वाटली."

दुसऱ्या कोणी ती पूड परत वाटायची तसदी घेतली नसती.

असं सुरू झालं आणि बरीच वर्षं चाललं. फिल्मच्या अरुंद पट्ट्या पाकिटातून यायच्या, कडेला शिसपेन्सिलीने एखादा शब्द: 'बरी', 'मिश्रण', 'पुन्हा पाठवा'. मी त्या खिडकीच्या काचेवर चिकटवायचे आणि उजेडात पट्टीने रेघा मोजायचे. ग्लायसिनच्या रेघा तर आमटीत मीठ किती ते हाताला कळतं तशा डोळ्यांत बसल्या. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या शनिवारी मी फोन करायची. कामाचं बोलणं झालं की त्या घरचं सांगायच्या. यजमान कारखान्यात रात्रपाळीला, मुलगा शाळेत, संध्याकाळी त्याला शेजारी जेवायला लागतं, कारण यंत्र सोडून निघता येत नाही. मी आत्याबाईंच्या पाठीला झालेल्या जखमांचं सांगायची. एकमेकींना सल्ला देण्याएवढी ताकद दोघींतही नव्हती. मी त्यांची मराठी कानात साठवायची. 'जाहलें'चं 'झालं' तिथेच झालं, 'मजला'चं 'मला'.

नव्वदच्या आसपास केव्हातरी त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नवीन यंत्र येतंय. गोल तबक असतं. त्याच्या खाचांमध्ये सगळ्यांचे नमुने संध्याकाळी भरून ठेवायचे, कॉम्प्युटरला सांगायचं आणि घरी जायचं. ते एक एक नमुना आपलं आपण उचलतं, मोजतं, परत ठेवतं. सकाळी आकडे छापून तयार."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी सहाला घरी जाणार," त्या म्हणाल्या. "मुलगा दहावीला आहे. पहिल्यांदा घरी दिसेन त्याला."

मलाही आनंद झाला. आता आठवड्या-पंधरा दिवसांत निकाल येणार होते. झालंही तसंच. फिल्मऐवजी कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर आकड्यांचे रकाने यायला लागले. कुठे पेन्सिलीचा शब्द नाही. दोन-चार महिन्यांनी फोन केला तर एका तरुण मुलाने उचलला. बाईंना भांडार विभागात पाठवलंय, म्हणाला. कशाला पाठवलं असं विचारण्याइतकी माझी त्यांच्याशी ओळख आहे की नाही, हे मला ठरवता येईना. मी फोन ठेवला.

त्यानंतर मी एकदाच मोठी खेप पाठवली. आधीच्या चार-पाच वर्षांतलं जे जे मोजायचं राहिलं होतं ते सगळं, आणि तुलनेसाठी मध्ये एक साध्या ग्लायसिनचीही पुडी. निकाल लवकर आले. पहिल्याच पुडीचे आकडे मी कोष्टकात शोधले. ती वाळू होती. साधी, नदीकाठची असते तसली वाळू. पुढच्या पुड्यांचे आकडे माझ्या नोंदींशी जुळत नव्हते. ज्या पुडीत अमुक क्षार घातला होता तिच्यात त्याची खूणही नाही, आणि जिच्यात घातला नव्हता तिच्यात तो आहे.

तिरुचीला मार्गदर्शकांनी कागद चाळले. "घरात करतेस ना? धूळ जात असेल. स्वच्छता नाही. सगळं परत कर."

मी परत केलं. पाणी उकळून गाळलं, कापडाच्या चार घड्यांतून गाळलं. फळीभोवती पडदा शिवला. खिडकी बंद ठेवली, तर आत्याबाईंचा जीव गुदमरायला लागला; मग अर्धी उघडली. खोली दिवसातून तीनदा पुसायची. कॉलेजातून येऊन पुसायची, त्यांना भरवून पुसायची. ते उन्हाळ्याचे दिवस होते. पंखा लावला तर धूळ उडते म्हणून तोही बंद.

मामंजी हे सगळं बघत होते. ते रोज कावेरीवर स्नानाला जात. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं तरी वाळूत खड्डा करून झिरपेल ते पाणी अंगावर घेत, पण जात. परत आले की थेट आत्याबाईंच्या खोलीत येऊन त्यांच्या कपाळाला गंध लावत आणि उशाशी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. बायकोबरोबरचा त्यांचा दिवसातला तेवढाच वेळ. एक दिवस ते दारातच थांबले.

"वाळू माझ्या पायांचीच असेल," ते म्हणाले.

"नाहीं हो मामंजी. तुम्ही पाय धुऊनच येतां."

"धुतल्यानें सगळी जाते थोडीच? तुझें काम खोळंबलें आहे. मी येथूनच वाचतों."

मी पुष्कळ सांगितलं. यजमानांनीही रविवारी सांगून पाहिलं. मामंजींनी ऐकलं नाही. बाहेरच्या ओसरीवर, खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसले आणि तिथून मोठ्याने वाचायला लागले. आत्याबाईंना ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे. गंध लावायचं काम माझ्याकडे आलं. मी लावलेलं त्यांना चालत नसे. त्या मान वळवत.

ते सगळे महिने मला आता सलग आठवत नाहीत. उकाडा आठवतो, ओल्या फडक्याचा वास आठवतो. दुसरी खेप पाठवायची हिंमत होत नव्हती. पुन्हा वाळू निघाली तर मी ते काम सोडूनच दिलं असतं.

एकदा दुपारी आत्याबाईंच्या पायाला तेल लावत बसले होते. त्यांना डुलकी लागली, आणि हात रिकामे झाले म्हणून मी शेजारी पडलेले ते लांब कागद उचलले. ग्लायसिनचा कागद मी तोवर वाचलाच नव्हता. त्यात नवीन काय असणार? सहज वाचला, तर ते आकडे ग्लायसिनचे नव्हते. पान उलटलं. पुढच्या पुडीचे आकडे मात्र ओळखीचे. एकेक रेघ ओळखीची. मी आधीच्या पुड्यांकडे गेले. दुसऱ्या पुडीत पहिलीचा क्षार. तिसरीत दुसरीचा. सगळं एका घराने पुढे सरकलं होतं.

माझ्या घरात वाळू नव्हती. तबकातल्या पहिल्या खाचेत आधीच्या कोणाचा तरी नमुना राहून गेला होता, आणि पुढचे सगळे एक एक जागा पुढे सरकून बसले होते. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. जे समोर आलं ते मोजलं आणि पुढचा क्रमांक लावला.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर बूथवर गेले. तोच तरुण. "मॅडम, मशीन ऑटोमॅटिक आहे. मशीनची चूक होत नाही."

"मशीनची म्हणत नाही मी. तबक भरताना झाली असेल."

"नमुने पाठवतानाच तुमचे क्रमांक चुकले असतील."

मी समजावून सांगितलं, ग्लायसिनचं सांगितलं, वाळूचं सांगितलं. तो पुन्हा तेच म्हणाला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं; तो सकाळी येऊन कागद फाडून पाकिटात घालत होता, एवढंच त्याला माहीत होतं. शेवटी मी म्हटलं, भांडार विभागात फोन जोडून द्या.

बाईंचा आवाज बसका झाला होता. मी सगळं सांगितलं.

"मी आता तिथे नाही हो," त्या म्हणाल्या. "मला त्या खोलीची किल्लीसुद्धा मिळत नाही. पण बघते."

आठवड्याने परत फोन केला. त्यांनी जाऊन विचारलं होतं. माझ्या आधी एका भूगर्भशास्त्राच्या माणसाचे नमुने होते, दगडांचे आणि मातीचे. त्यातला शेवटचा तबकातच राहिला होता. "आणि तुमची शेवटची पुडी पुढच्या माणसाच्या नावावर गेली असणार. तो बसला असेल डोकं खाजवत."

मला हसू यायला हवं होतं. मी विचारलं, "परत मोजून देतील ना?"

"देतील. पण रांगेच्या शेवटी."

घरी आले तेव्हा मामंजी ओसरीवर पेपरची घडी घालत होते. मी त्यांच्यापुढे जमिनीवरच बसले. "मामंजी, वाळू तुमच्या पायांची नव्हती. तिकडच्या तबकांत दुसऱ्याची पुडी राहिली होती."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. तबक कसं असतं, किती खाचा, हे विचारलं. मी बोटाने जमिनीवर गोल काढून दाखवलं. "म्हणजे माणूस नसतोच तेथें?"

"भरायला असतो. नंतर नसतो."

"बरें जाहलें, कळलें," ते म्हणाले आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा खोलीत यायला लागले, गंध लावायला लागले. पण वाचायला मात्र ओसरीवरच जात. आत फार वेळ बसवत नाही आता, म्हणाले. खरं काय ते मी विचारलं नाही. आत्याबाईंची नजर तोवर फळीवरूनही उठली होती. त्या डोळे मिटूनच पडून असत.

परत मोजलेले निकाल आले तेव्हा पावसाळा उलटला होता. बहुतेक पुड्या नुसती मिश्रणं निघाली. एकच पदार्थ खरोखर नवा होता. मी तिरुचीला जाऊन तो कागद मार्गदर्शकांपुढे ठेवला. त्यांनी कपाटातून एक मासिक काढलं. उत्तरेकडच्या कोणी तरी तोच पदार्थ करून, मोजून, छापून टाकला होता. अंक त्याच उन्हाळ्यातला, मी फरशी पुसत होते तेव्हाचा.

"हरकत नाही," ते म्हणाले. "त्यांच्याशी तुलना कर. डिग्री मिळेल."

बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. रडू येईल असं वाटलं होतं, पण झोप आली.

डिग्री मिळाली, पण बऱ्याच नंतर. आधी आत्याबाई गेल्या, आणि मग वर्षाच्या आतच मामंजीही. प्रबंध मी रिकाम्या घरात लिहिला. वेळ भरपूर होता आणि दिवसाला एक पान होत नव्हतं. फळीवरची काचपात्रं धुऊन कॉलेजला परत केली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, मोजणी तुम्ही स्वतः केलीत का? मी म्हटलं, नाही, टपालाने. ते म्हणाले, छान, आता सगळीकडे असंच होणार.

त्यानंतर एका उन्हाळ्यात कॉलेजच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गासाठी त्याच शहरात जायचा योग आला. जाण्याआधी बाईंना फोन केला. त्यांनी प्रयोगशाळेच्या फाटकावर यायला सांगितलं. मी त्यांना उंच समजत होते. त्या ठेंगण्या निघाल्या, जाड चष्मा, पायात कापडी बूट. गुडघ्यांमुळे चप्पल घालता येत नाही म्हणाल्या. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो आणि दोघींनाही काय बोलावं कळेना. इतकी वर्षं मीटर चालू असताना आम्ही भडाभडा बोलत होतो.

त्यांनी मला वरच्या मजल्यावर नेलं. दाराला काच होती. आत थंड असावं, काचेवर बाहेरून बाष्प धरलं होतं. बाईंनी पदराने पुसलं. पलीकडे कपाटाएवढं यंत्र, आणि त्यात ते तबक. माणूस नव्हता. आम्ही उभ्या असताना तबक एक घर सरकलं आणि थांबलं. किती वेळ बघत राहावं, कळेना.

"पूर्वी इथे माझं टेबल होतं," त्या म्हणाल्या. "खिडकीखाली."

"वाईट वाटतं?"

"नाही हो. कमरेचं हाड मोडलं होतं तिथे बसून." मग म्हणाल्या, "भांडारातही बसायचंच आहे म्हणा."

आम्ही खाली कँटीनमध्ये त्यांचा डबा अर्धा अर्धा खाल्ला. मुलगा इंजिनियरिंगला होता आणि फारसा बोलत नसे. यजमानांना कारखान्याने मुदतीआधीच घरी बसवलं होतं. माझ्याकडचं सांगण्यासारखं त्यांना सगळं फोनवरून माहीतच होतं. "तुम्ही आता आमच्यासारखंच बोलता," त्या म्हणाल्या, आणि त्यात कौतुक होतं की आणखी काही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. घंटा झाली. त्यांनी डबा धुतला, पिशवीत घातला आणि कठडा धरून एक एक पायरी चढत परत कामावर गेल्या.

माझं दुपारचं सत्र होतं, पण मी गेले नाही. वसतिगृहावर जाऊन पंखा पूर्ण सोडला आणि झोपले. जाग आली तेव्हा चहा संपला होता आणि बाकीच्या बायका बाजारात गेल्या होत्या.